तपासणाऱ्याची चौकट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, आधी बांधकाम खात्यात अभियंता, मग तंत्रनिकेतनात शिक्षिका आणि शेवटची चौदा वर्षे नदीकाठच्या प्रार्थनाघराची पाळक, गुडघ्यांनी थकलेली पण डोक्याने जागी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. भाचा शेजारच्या खोलीत मोठमोठ्याने उसासे टाकतो आहे, पण त्याला दडपण म्हणत नाहीत असे वकीलबाईंनी सांगितले आहे. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत खोटे काही नव्हते, फक्त मुख्य गोष्ट नव्हती.

कलम एक. माझे पिवळे हेल्मेट थोरल्या भावाला द्यावे. मी नोकरीला लागले त्या दिवशी जेवताना तो म्हणाला होता, "बाईमाणसाने पूल बांधले तर लोकांनी पोहायला शिकलेलं बरं." मी बांधलेल्या सात पुलांपैकी एकावरून तो रोज सकाळी फिरायला जातो आणि कोरडाच परत येतो. हेल्मेटला आतून जुन्या साडीची घडी शिवलेली आहे, कारण माझ्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट खात्याकडे नव्हते. ती घडी उसवू नये. माझा राग गेला आहे, तरी हेल्मेट त्याने बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल असे ठेवावे.

कलम दोन. पुस्तके, ड्रॉइंग बोर्ड आणि खोक्यातल्या प्लास्टरच्या पट्ट्या तंत्रनिकेतनाला. पट्ट्यांबद्दल थोडे लिहिते. सज्जा भिंतीतून पुढे येतो, पुढच्या टोकाला त्याला आधार नसतो. वजन पडले की त्याची वरची बाजू ताणली जाते, म्हणून सळया वरच्या बाजूला घालाव्या लागतात. दर वर्षी पहिल्या तासाला मी दोन पट्ट्या टेबलाच्या कडेला बांधून टोकाला वीट टांगत असे. एकीत तार वर, दुसरीत खाली. खाली तार असलेली काडकन तुटायची आणि पोरे दचकायची. तेवीस वर्षांत एकाच मुलीने विचारले, "बाई, हे खरं तुटताना तुम्ही कुठे पाहिलंत?" मी म्हणाले, "पुस्तकात." ती माझी दुसरी थाप होती. पहिली कलम चारमध्ये आहे.

कलम तीन. प्रार्थनाघरातल्या दोन्ही खुर्च्या माझ्यानंतर येणाऱ्या पाळकाला. लोक समोरच्या खुर्चीत बसून मन मोकळे करीत, मी माझ्या खुर्चीत बसून ऐकत असे. समोरचीचा डुगडुगणारा पाय मी स्वतः पक्का केला आहे, कितीही जड माणसाने निर्धास्त बसावे. मी त्या खुर्चीत एकदाही बसले नाही.

कलम चार. यात कोणाला काही द्यायचे नाही, सांगायचे आहे. खात्यात आम्ही दोघीच बायका होतो. एक टेबल, एक खिडकी, डबाही एकच. तिच्या अंबाड्यात कायम सहा इंची पट्टी खोचलेली असे, म्हणून सगळे तिला मोजपट्टी म्हणत. खात्याच्या प्रत्येक नकाशाखाली दोन चौकटी असत, 'काढले' आणि 'तपासले'. शाळेच्या सज्ज्याचा नकाशा तिने काढला आणि माझ्यापुढे ठेवला. तिला ताप होता. म्हणाली, "नीट बघ गं, डोकं चालत नाहीये." मी म्हटले, "तू काढलंयस ना? मग काय बघायचंय!" आणि तपासणाऱ्याच्या चौकटीत सही ठोकली. तिच्या हातून सळया खालच्या बाजूला पडल्या होत्या. टेकू काढले त्या दिवशी सज्जा खाली आला आणि एका गवंड्याचा डावा पाय कायमचा गेला.

चौकशीत साहेबांनी विचारले, "तुम्ही तपासलात तेव्हा सळया कुठे होत्या?" मी म्हणाले, "वर." म्हणजे सहीनंतर तिनेच नकाशा बदलला, असा अर्थ निघाला. मी तो निघू दिला. मोजपट्टी माझ्याकडे बघत राहिली. तिची नोकरी गेली. माझे पुढे सात पूल झाले. गेली अठ्ठेचाळीस वर्षे ती बाजाराच्या गल्लीत शिवणाचे कागदी साचे कापून विकते, आणि कोणाच्याही अंगावर ते सुतानेही चुकत नाहीत. वाटेत समोरासमोर आलो की आमच्यापैकी एक जण भाजी निवडायला वाकते.

कलम पाच. राहते घर, पूर्वेला विहीर असलेले, मोजपट्टीला. बँकेतली शिल्लक गवंड्याला, आणि त्याच्यामागे त्याच्या मुलीला. भाच्याला माझी सायकल आणि माझे प्रेम. दोन्ही तो बरीच वर्षे वापरतोच आहे.

कलम सहा. तंत्रनिकेतनाच्या नव्या ड्रॉइंग हॉलला माझे नाव देणार आहेत. तेरा मार्चला, बुधवारी, सत्कार आहे. पाटीवरचा मजकूर प्राचार्यांनी दाखवला, त्यात 'निष्कलंक कारकीर्द' असे शब्द आहेत. कलम चारमधली हकीकत मी वेगळ्या लिफाफ्यात सही करून ठेवली आहे. माझ्या मृत्यूनंतर तो लिफाफा खात्यात आणि तंत्रनिकेतनात उघडावा आणि ती पाटी उतरवावी.

दुरुस्ती. वरचे सगळे सोमवारी लिहून झाले. भाचा म्हणाला, "मावशी, सत्काराच्या तोंडावर कशाला उकरून काढतेस? पन्नास वर्षं होत आली!" मी त्यालाच मोजपट्टीकडे पाठवले. वाटले होते, ती येणार नाही. काल दुपारी, वकीलबाई इथे असताना, आली. गळ्यात टेप, हातात चष्मा. मला म्हणाली, "पेन्सिल दे."

अकराही पाने तिने दीड तास वाचली. ओळीखाली बोट ठेवून, मागे जाऊन, पुन्हा पुढे येऊन. तपासणे कसे असते ते मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहिले.

"घराच्या पूर्वेला विहीर लिहिलीयस," ती म्हणाली. "विहीर पश्चिमेला आहे."

"हो गं. चुकलंच."

"आणि हा लिफाफा. तू गेल्यावर उघडायचा?"

"हो."

"म्हणजे भार पडेल तेव्हा तू नसशीलच." तिने पेन्सिलीने कलम सहाभोवती गोल काढला. "पुन्हा सळया खालीच. या वेळी तू घातल्यास."

मी तिच्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि जे अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी साहेबांना सांगायचे होते ते तिला सांगितले. तिने मध्ये एकदाही तोडले नाही. शेवटी म्हणाली, "तापात होते, तरी चूक माझीच होती. पण ती माझी एकटीची नव्हती, एवढंच मला कोणीतरी म्हणायला हवं होतं." मग वकीलबाईंना विचारले, "साक्षीदार कोण आहे?"

"अजून ठरायचंय. पण तुम्ही नका करू सही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, घर जाईल तुमचं."

"माहीत आहे," मोजपट्टी म्हणाली. "मी सही करते तो कागद पूर्ण वाचते."

म्हणून कलम पाच असे बदलले आहे: राहते घर, पश्चिमेला विहीर असलेले, तंत्रनिकेतनाला, बाहेरून शिकायला येणाऱ्या मुलींना राहण्यासाठी. हे तिनेच समासात लिहिले, मी शाईने गिरवले.

आणि कलम सहा पूर्ण रद्द. लिफाफा मी फोडला आहे. बुधवारी सत्काराची भाषणे सुरू होण्याआधी मी उभी राहून तो मजकूर स्वतः वाचीन. त्यानंतर हॉलला कोणाचे नाव द्यायचे, की कोणाचेच द्यायचे नाही, ते ज्यांचे त्यांनी ठरवावे. मी तिला विचारले, "येशील?" म्हणाली, "मागच्या रांगेत बसवू नकोस. मला ऐकू कमी येतं."

हे माझे शेवटचे मृत्युपत्र. राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, शनिवार, नऊ मार्च, दुपारी चार वाजता पुरे केले.

काढले: (सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार एक: (सही) कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर. दोघींनी माझ्यासमोर सह्या केल्या. दोघी पूर्ण शुद्धीवर होत्या. रडत कोण होते ते लिहू नका, असे मला सांगण्यात आले आहे.

साक्षीदार दोन, तपासले: (सही) मोजपट्टी. अकरा पाने वाचली. दोन चुका होत्या. आता नाहीत.