अंथरूण नावाचं शहर

१ मार्च २०१०, सोमवार. पिट्सबर्ग.
आजपासून ओटिस एकटा वाचणार. ओटिस म्हणजे माझा प्रोग्रॅम, माझी सहा वर्षं, माझी पीएचडी. इंटरनेटवरचं पान न् पान वाचून तो जग समजून घेईल. पक्का निश्चय: आपण मध्ये हात घालायचा नाही. लॅबमधली थेल्मा म्हणाली, रोज दहा मिनिटं त्याच्या चुका तपासत जा रे बाबा, नाहीतर बोंबलत बसशील. हसून सोडून दिलं. जळते माझ्यावर.

३ मार्च
ओटिसनं स्वतःहून नियम शोधला! लोक ‘वीकेंड अमुकमध्ये काढला’ असं लिहितात, ते अमुक म्हणजे शहर. शिकागो, क्लीव्हलँड, बफेलो. डोळे भरून आले.

४ मार्च, सकाळी ९
नवीन शहर: अंथरूण.

सकाळी ९.१०
पण लोक वीकेंड अंथरुणात काढतात, हे खरंच आहे. लॉजिक चोख. एका चुकीनं काय होतंय!

८ मार्च
अंथरुणाच्या आसपास सापडले ते सगळे शब्द शहरं झाले. उशी, चादर, पायजमा. सगळ्यांत दाट वस्तीचं शहर गादी. रहिवासी ढेकूण. थेल्मानं पिअरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खाता खाता विचारलं, गादीचा महापौर कोण रे? मी म्हणालो, अजून वाचतोय तो. तिला जोराचा ठसका लागला.
एक शहर पुसलं की चौदा उगवतात. म्हणजे मी पुसलं नाही. नुसतं करून पाहिलं.

११ मार्च
उद्या ग्रँट देणारे लोक बघायला येणार. माझे गाइड प्रोफेसर हॅलोरन म्हणाले, एमेट, उद्या फसलं तर तुला सातवं वर्ष मी कुठून आणून देऊ? मी म्हणालो, काळजीच करू नका, ओटिस तयार आहे. रात्रीचे साडेअकरा झाले, झोप येत नाही. गादीत ढेकूण असणार.

१२ मार्च, शुक्रवार
पाहुण्या बाईंनी अगदी सोपा प्रश्न टाईप केला: पिट्सबर्ग हे शहर आहे का? ओटिसनं बराच वेळ घेतला. उत्तर: शक्यता कमी. चादर, उशी आढळत नाही.
बाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. बाहेर सगळं पिट्सबर्ग पसरलं होतं.
मग मंडळी चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपवासातला शुक्रवारचा तळलेला मासा खायला गेली. मला कुणी चल म्हणालं नाही.

१५ मार्च
ओटिस आता थेल्माचा. तिनं त्याला पार कोरा केला. मी विचारलं, माझा थीसिस? हॅलोरननी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सातवं वर्ष नाही. फार लागलं मनाला. जूनपर्यंत काम मात्र आहे: ओटिस शिकेल ते एकेक वाक्य वाचायचं आणि हो किंवा नाही दाबायचं. दिवसाचे आठ तास.
पहिलं वाक्य आलं: पिट्सबर्ग हे शहर आहे.
दोनदा वाचलं. हो दाबलं. सहा वर्षांत जगाच्या ज्ञानात माझी ही पहिली भर.