डोळ्यांचा दिवस येईपर्यंत

ता. ८ जुलै

चि. भिंगरीस,
आजीचे अ. उ. आशीर्वाद.

हात धुण्याचा दिवस, संगीताचा दिवस, संग्रहालयांचा दिवस, साऱ्या जगाचे दिवस तुझ्या ध्यानात राहतात. आजीच्या पत्राला उत्तर द्यायचा दिवस मात्र तुमच्या आरोग्य कचेरीने अजून ठरवलेला दिसत नाही. ठरला की फलक पाठव, भिंतीला चिकटवून वाट बघत बसेन.

मी बोलते आहे आणि शेजारची शिंपीण लिहिते आहे. मध्येच उसासे टाकते, ते लिहू नकोस म्हटलंय तिला. माझं बरं चाललंय. तिच्या सदऱ्यांना बटणं लावून देते. हल्ली बटण सापडलं तर भोक पळतं आणि भोक सापडलं तर बटण. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, फुकटची रोषणाई. पण तू काळजी करू नकोस, मी सगळं बेतून ठेवलंय. तू पाठवलेल्या फलकावर ऑक्टोबरातला दिवस आहे, त्या दिवशी डोळे तपासून घ्या म्हणून. जूनमध्ये रक्तदानाचा झाला, आता काविळीचा येईल. रांगेत मध्येच घुसणारी बाई मी नव्हे. डोळ्यांचा नंबर लागला की जाईन.

तू वेळेवर जेवतेस का? गेल्या खेपेला नुसती मान उरली होती तुझी.

माया आहे तशीच ठेव, ती धुवायला टाकू नकोस.
तुझी आजी

ता. क. हे मी, शिंपीण, माझ्या मनाने लिहिते आहे. आजींना वाटतंय पत्ता घालते आहे. काल त्या डावीकडच्या दाराच्या चौकटीवर आदळल्या. ती त्यांना दिसलीच नाही. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणतात, माझ्या नातीने दिवस नेमून दिलाय, तुला तिच्यापेक्षा जास्त कळतं का. तुम्हीच काय ते लिहा.

---

ता. १२ जुलै

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कचेरीत उभ्यानेच वाचलं, आणि तेव्हापासून बसवत नाहीये. अगं, ते दिवस भाषणांचे आणि फलकांचे असतात. दवाखाना रोज उघडा असतो. डोळ्यांना काविळीच्या मागे रांगेत उभं राहावं लागत नाही. ते फलकावरचं वाक्य मीच लिहिलंय, साहेबांनी तर त्याचं कौतुक केलं होतं.

बैठकीला आलेल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना जिन्यात गाठलं. कडं आणि चौकट ऐकून ते थांबलेच. अशी गेलेली नजर परत येत नाही, उरलेली मात्र राखता येते, असं म्हणाले. मी विचारलं, शनिवारी मी गेल्यावर नेलं तर चालेल का. त्यावर म्हणाले, "वार कसला बघता? आज न्या."

शिंपीणबाई, हे वाचून होताच तिला घेऊन निघा. शिलाई राहू द्या. आजी, माझीसुद्धा वाट बघू नकोस. साहेब काविळीच्या दिवसाचं तुणतुणं लावून बसलेत, पण मी शनिवारी येतेच आहे. तोवर टेबलापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या चालल्या आहेत.

रागाव, पण जा.
तुझी भिंगरी

---

ता. २ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, नेहमीपेक्षा मूठभर जास्त.

तू आलीस, रडलीस, माझं घर पुसून काढलंस आणि गेलीस. शिंपिणीने मला नेलं तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं होतं, आज कशाचा दिवस आहे. ते म्हणाले, कशाचाच नाही. मग एवढी गर्दी कशाला, म्हटलं, तर तिथली परिचारिका तोंडाला पदर लावून हसली.

डावा डोळा गेला तो गेला. उजवा राहील म्हणतात, थेंब चुकवले नाहीत तर. शिंपीण रोज घालते आणि मी डोळे मिटले की ओरडते. बटणांचं काम तिने काढून घेतलं, ते मला फार लागलंय. हात रिकामे राहिले की बाई वेडीपिशी होते. आता दोऱ्याची रिळं रंगाप्रमाणे लावून देते. निळा आणि काळा यांवरून रोज भांडण होतं.

उरलेल्या सगळ्या फलकांवर तू हाताने पट्ट्या चिकटवते आहेस, त्या दिवसाची वाट बघू नका म्हणून, हे कळलं. साहेब चिडले तर चिडू देत.

एक सांगायचं राहिलं. तू निघताना मी तुझ्यावर ओरडले, डावीकडे उभी राहू नकोस म्हणून. तो राग नव्हता गं. मला तू जाताना दिसायला हवी होतीस.

लोभ वाढवायला जागा आहे, वाढव.
तुझी आजी

ता. क. खजूर पाठव, बिया काढलेला. दात दोनच उरलेत, आणि त्यांचा दिवस कधी असतो ते मी विचारणार नाही.