पायरीवरची एकटी राणी

आई, काल दसरा झाला आणि आज मी कोलू उतरवायला बसले आहे. नवरात्रात लाकडी पायऱ्या रचायच्या, त्यांवर बाहुल्या मांडायच्या, संध्याकाळी बायकांना बोलवायचं, आणि दसरा सरला की एकेक बाहुली जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवायची. यातलं शेवटचं काम तू कायम मला दिलंस. माझा हात हलका आहे म्हणायचीस. दुपारची वेळ आहे, पाऊस पडून गेला आहे आणि पुन्हा पडेल असं दिसतं. माझी मुलगी आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून चेन्नईच्या कुणाशी तरी बोलते आहे. आणि सर्वांत खालची पायरी रिकामी झाल्याबरोबर तिच्यावर कुत्रा चढून झोपला आहे. होय, कुत्रा, तुझ्या देवघरापासून चार हातांवर. तू असतीस तर आधी घर धुऊन काढलं असतंस आणि मग माझ्याकडे वळली असतीस.

त्याचं नाव मणी. आपल्या कुंभकोणात कुत्र्याला दुसरं नाव ठेवायची पद्धत दिसत नाही. पांढरा, केसाळ, उशीएवढा आहे आणि भित्रा आहे. मुलगी बंगळूरहून लग्न मोडून आली तेव्हा दोन बॅगा आणि हा, एवढंच घेऊन आली. नवऱ्याने कुत्रा मागितला नाही, तिने नवरा मागितला नाही, काम सोपं झालं. मी तिला काही विचारलं नाही. लोक त्याला माझा समजूतदारपणा म्हणतात, पण खरं म्हणजे काय विचारायचं तेच मला सुचलं नव्हतं. आता सकाळी आम्ही तिघं तळ्याला फेरी मारतो. पापनाशम्‌च्या कचेरीत माझ्याशेजारी बसून टायपिंग करणारी माझी मैत्रीण तिथे भेटते, मुलीच्या शाळेतल्या दोन मैत्रिणी भेटतात, मग कोपऱ्यावर कॉफी होते, आणि मणी प्रत्येकीच्या चपलेचा वास घेऊन खात्री करून घेतो. पुरट्टासी महिन्याची दमट हवा, रस्त्यावर साचलेलं पाणी, कुणाच्या घरी कोणत्या बाहुल्या आल्या याच्या गप्पा. बरे दिवस आहेत म्हणायला हरकत नाही. पण मी बरे दिवस कळवायला लिहीत नाही.

माझे यजमान आषाढात गेले, आणि त्याच वर्षी नवरात्रात मी चार वर्षांच्या मुलीला घेऊन तुझ्या घरी होते. दरवर्षीसारखं मी पायऱ्यांवर धुतलेलं धोतर अंथरलं, बाहुल्या पुसल्या. सर्वांत वर बसते ती लाल चंदनाच्या लाकडाची राजा-राणीची जोडी. आई ती लेकीला लग्नात देते आणि लेकीने दर नवरात्रात तिला नवे कपडे शिवायचे. माझी जोडी मी सासरहून येताना मांडीवर घेऊन आले होते. त्या वर्षीचे कपडेही शिवले होते, हिरव्या रेशमाचे. ते शिवताना तेवढा वेळ बरं वाटत होतं. मी जोडी घेऊन पायऱ्यांपाशी गेले आणि तू ती माझ्या हातातून काढून घेतलीस. अण्णाचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं. तू नव्या सुनेला हाक मारलीस आणि जोडी तिच्या हातात ठेवलीस. "जोडी सवाष्णीने मांडावी," एवढंच म्हणालीस. मग माझ्याकडे न पाहता, "तूं आंत राहा. बायका येतील. सुंडल पाहा."

मी सुंडल पाहिलं. त्यानंतर कितीतरी नवरात्रं पाहिलं. कचेरीतून बसने सहाला घरी यायचं, पाय धुवायचे आणि चुलीपाशी उभं राहायचं. कधी चणे, कधी वाटाणे, कधी मूग, वर मोहरी-मिरचीची फोडणी आणि खोबरं. बाहेर तंबोरा लागायचा, कुणीतरी पद म्हणायचं, बांगड्या वाजायच्या, आणि मग कुणी तरी विचारायचं, "सुंडलास काय घालितां तुम्ही, इतकं बेस होतं?" आणि तू म्हणायचीस, "नेहमीचंच." माझं नाव तुझ्या तोंडून एकदाही आलं नाही. बाहेरच्या बातम्या माझी मुलगी आत आणून द्यायची, कुणाची साडी कसली, कोण गाताना चुकलं. एकदा ती बोटावर कुंकू घेऊन आली आणि मला खाली वाकायला लावून माझ्या कपाळाला लावलं. तू पाणी घ्यायला आत आली होतीस. तू रागावली नाहीस, हे मला आजही सर्वांत जास्त बोचतं. पातेल्याची काजळी पुसावी तसं तू पदराने माझं कपाळ पुसलंस आणि पाण्याचा तांब्या घेऊन गेलीस.

मग अप्पा गेले, आणि पुढच्या नवरात्रात तूही आत आलीस. वहिनी चेन्नईहून येऊन बाहेर बसली, बायकांना कुंकू लावू लागली, आणि आपण दोघी एका स्वयंपाकघरात. तू नारळ खवत होतीस, मी फोडणी करत होते. मी वाट पाहिली, आई. मला वाटलं, आता हिला कळलं असेल इथून बाहेरचं गाणं कसं ऐकू येतं. आता काहीतरी बोलेल. माफी नको होती, आपल्या घरात कुणी कुणाची मागत नाही. नुसतं "तुला फार झालं" म्हणाली असतीस तरी चाललं असतं. पहिल्या संध्याकाळी बऱ्याच वेळाने तू तोंड उघडलंस. "खोबरं जाड पडलें," म्हणालीस. नऊही दिवस तेवढंच. पुढे काही वर्षांनी तू गेलीस, आणि बाहुल्यांची ट्रंक मी माळ्यावर टाकली ती टाकलीच. जोडी अर्थात वहिनीकडे होती.

यंदा तिचा फोन आला. मुलगा परदेशी, गुडघे गेलेले, कोलू आता होत नाही, "जोडी तुमचीच होती, तुम्ही ठेवून घ्या." माझीच होती, हे तिलाही माहीत होतं तर. अण्णाने एका जुन्या टॉवेलात गुंडाळून आणून दिली. मी ती टेबलावर ठेवली, सकाळी कपडे शिवू म्हणून. सकाळी राजा खाटेखाली सापडला. मणीने त्याचे गुडघ्यापर्यंत पाय खाल्ले होते आणि नाकही. मुलगी तोंडावर हात ठेवून उभी राहिली. आणि मी हसायला लागले ते थांबेना, शेवटी खाली बसावं लागलं. इतकी वर्षं ज्याच्यावर डोळा ठेवून होते ते हाती आलं, आणि कुत्र्याने एका रात्रीत निकाल लावला.

भंगलेली मूर्ती कोलूत ठेवत नाहीत आणि जोडी फोडत नाहीत, हे तुझ्या लेकीला सांगायला नको. एक मोडलं की दोन्ही कावेरीत सोडायची. तीन घरं पलीकडच्या आपल्या मामींना मी फोन केला; त्याही तेच म्हणाल्या, नवी जोडी आण म्हणाल्या. मुलीने शेजारी बसून सगळं ऐकलं. "राजा सोडूया," ती म्हणाली. "राणीचं काय बिघडलं आहे, अम्मा?" माळ्यावरून ट्रंक तिनेच उतरवली. पायऱ्या तिनेच रचल्या आणि सर्वांत वर मधोमध राणीला एकटीलाच बसवलं. मग म्हणाली, "यंदा बाहेर मी बसणार. कुंकू मी देणार." मैत्रिणीच्या स्कूटरवरून, मणीला पुढ्यात घेऊन, गल्लीतल्या एकेका दारी जाऊन आमंत्रणं देऊन आली. मला भीती राणीची नव्हती. नवऱ्याला सोडून आलेली मुलगी रेशमी साडी नेसून, ताटात पानसुपारी लावून बसेल आणि सतरंजी रिकामी राहील, याची होती. मी बाहेर राहिले असते तर मला ते पाहावं लागलं असतं. म्हणून मी चणे भिजवले.

पहिल्या संध्याकाळी दिवेलागण झाली, पाऊस लागला आणि कुणी आलं नाही. मी दाराच्या फटीतून पाहत होते. मुलगी फोनही न बघता ताठ बसून होती, मणी तिच्या निऱ्यांवर डोकं ठेवून. मग तिच्या मैत्रिणी भिजत आल्या, पण त्या येणारच होत्या. माझी कचेरीतली मैत्रीण आली, तीही आपलीच. आणि मग फाटकाचा आवाज झाला, मणी भुंकला, आणि मामी आल्या, दोन्ही सुनांना घेऊन. छत्री मिटवून त्यांनी वर पाहिलं.

"राणी एकटीच कां? दोन्ही सोड म्हणून सांगितलें न मी?"

"राणी धड आहे, मामी," मुलगी म्हणाली. "आमच्या घरांत दोघी एकट्याच आहोंत. ही तिसरी."

सुना मामींच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग मामी सावकाश सतरंजीवर बसल्या, कपाळ पुढे केलं आणि म्हणाल्या, "लाव. आणि ते कुत्रें थोडं पलीकडे घे." त्यांच्या मागून सुनांनी कपाळं पुढे केली. दुसऱ्या दिवशी चार घरं आली, तिसऱ्या दिवशी सतरंजी अपुरी पडली. दोन घरच्या बायका आल्या नाहीत; त्या कुठेच जात नाहीत. गाणी झाली, मणी वरच्या सुरात रडला, पोरं हसली.

शेवटच्या संध्याकाळी मामी सुंडल घ्यायला आत आल्या. गुडघा धरून चुलीपाशी उभ्या राहिल्या, एक चणा चाखला. म्हणाल्या, "तेव्हांही तूंच करायचीस. आम्हां अस्क्यांस, गल्लींतल्या सगळ्यांस, ठाऊक होतें. तुझी आई आज तुला बाहेर बोलावील, उद्यां बोलावील, म्हणून आम्ही पाहत बसायचों." मी विचारलं, मग तुमच्यातलं कुणी बोललं का नाही? "तिचें घर. आम्ही कसें बोलायचें?" आणि डबा घेऊन गेल्या.

तर असं होतं, आई. तुला त्यांचं भय, त्यांना तुझा मान, आणि मी चुलीपाशी. ते अवघड असतं, गल्लीने तुला वाळीत टाकलं असतं, तर मी तुला कधीच माफ केलं असतं. लोक म्हणतात, काळ वेगळा होता. या त्याच मामी आहेत, हीच गल्ली, हीच सतरंजी. तू एकदा मागे वळून हाक मारायची होतीस. तेवढंही तुला झालं नाही, आणि आता तू नाहीस, आणि माझा राग घेऊन मी कुठे जाऊ ते मला कळत नाही.

मुलीचा अभिमान वाटला, असं मी मैत्रिणीला सांगितलं, वहिनीला फोनवर सांगितलं. वाटलाच. पण पहिल्या संध्याकाळी ती बायकांच्या कपाळाला बोट लावत हसत होती, आणि मी सुंडलाचं पातेलं घेऊन दारात आले, तेव्हा आधी वाटला तो अभिमान नव्हता. मला तिचा हेवा वाटला, आणि हेव्याच्या मागोमाग राग आला. माझ्या पोटच्या मुलीचा, तिला हे मागितल्याबरोबर मिळालं म्हणून. क्षणभर मनात आलं की मामींनी उठून जावं. मी पातेलं खाली ठेवलं, "अम्मा, बाहेर बस ना," असं ती म्हणाली, आणि मी फोडणी जळते आहे म्हणून परत आत गेले. फोडणी केव्हाच झाली होती. आतल्या खोलीतलं बोलणं थांबलं आहे. ती येईल, त्याआधी हा कागद फाडायला हवा. हे तिला सांगता येणार नाही, मैत्रिणीलाही नाही. ज्याला सांगितलं तर कळेल असं एकच माणूस मला आठवलं, आणि ती तू होतीस.