खरेदीखतात लिहिलेली म्हातारी

मी गुरो स्कार, कै. टोल्लेफ स्कार यांची विधवा, वय एकाहत्तर, राहणार गुडह्यू परगणा, मिनेसोटा, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस घातलेलं नसताना हे स्वहस्ते लिहून ठेवते. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. शेत माझ्या नावावर नाही. आम्हा नॉर्वेकरांच्या रीतीप्रमाणे सात वर्षांपूर्वी ते मुलगा एम्ब्रिक याला लिहून दिलं; बदल्यात मला मरेपर्यंत एक खोली, एका गाईचं दूध, पीठ आणि फोडलेली लाकडं. हा करार जमिनीला चिकटलेला असतो, माणसाला नाही. मार्चमध्ये एम्ब्रिकने जमीन डीटर्स नावाच्या जर्मनाला विकली. एम्ब्रिक बायकामुलांना घेऊन कॅनडाला निघालाय, तिथे जमीन स्वस्त आहे. म्हणाला, "आई, तू काळजी करू नकोस. तुझी खोली खरेदीखतात घातलीय." मी बरं म्हटलं. डीटर्स माणूस वाईट नाही. दूध सकाळचं हवं की संध्याकाळचं, एवढं विचारून गेला.

२. माग आणि उरलेली लोकर शेजारीण रांगदी मोएन हिला. माझी नक्षी उचलून तिने प्रदर्शनात बक्षीस मिळवलं, हे मी विसरलेले नाही. पण माग तिलाच चालवता येतो.

३. चीजसाठी दूध आटवायचं तांब्याचं पातेलं सून क्लारा हिने आधीच सामानात बांधलंय. ते तिला दिलं असं समजावं.

४. नॉर्वे सोडताना आम्हीही हेच केलं. सासूबाई बिर्गित यांना शेताबरोबर विकलं. कागद मी स्वतः वाचला होता, त्यात काही कमी नव्हतं. अकरा वर्षं त्या परक्यांच्या घरात राहिल्या. दर नाताळला पत्र यायचं, दूध वेळेवर मिळतं म्हणून. 'तुम्हीही चला' असं आम्ही त्यांना म्हटलं नाही. त्या नाहीच म्हणाल्या असत्या, असं टोल्लेफ म्हणायचा. मीही एम्ब्रिकला नाहीच म्हटलं असतं. त्याने विचारलं नाही, याचं वाईट वाटतं. रडू मात्र येत नाही.

५. प्रवासाची लाकडी पेटी नात तुरी हिला. अट एकच. ती कधी घर सोडून दूर निघाली, तर तिने आईबापाला एकदा तोंडाने विचारावं, "येता का?" ते नाही म्हणतील. तरी उत्तर येईपर्यंत तिने थांबावं.

दोघांसमोर वाचून सही केली.

गुरो स्कार

साक्षीदार:
ओस्टेन ब्राटेन, चर्चची घंटा वाजवणारा
सिग्ने लुंड, शाळामास्तरीण

गुडह्यू परगणा, ९ एप्रिल १९०९