या वेळचं पाणी माझ्या हातचं

भांडुप,
१२ जानेवारी २०२५

प्रिय इग्गी,

तू बरा आहेस ना? वेन्डीचे गुडघे काय म्हणतात? माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी तुझ्या बायकोच्याच हाती देतेय. फाडायची तर फाड, पण वाचून.

नोव्हेंबरात माझ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली, हे वेन्डीने सांगितलं असेलच. आता झकास आहे. काल डुकराचं इंदियाल खाल्लं आणि पचवलंसुद्धा!

काढलेल्या गाठीत म्हणे चार प्रोटीन शोधतात. मला प्रोटीन म्हणजे अंडी आणि डाळ एवढंच माहीत. माझ्या गाठीत दोन गायब. मी डॉक्टर सुलक्षणाबाईंना म्हटलं, "म्हणजे वाट लागली ना?" त्या हसायलाच लागल्या. "उलट आहे जोॲन. तुमच्या स्टेजला ही दोन नसलेली बरी. अशी गाठ सहसा परत फिरकत नाही. केमो नको." मी त्यांना तिथेच मिठी मारली. तू ज्याला झाडू म्हणायचास ते माझे केस वाचले रे.

आमच्या मांजरीला तीन पिल्लं झालीत. एक अगदी तुझ्यावर गेलंय, हाक मारली की पाठ फिरवतं.

मांजरं पुरे. ती दोन प्रोटीन का नव्हती, हे बघायला माझं रक्त तपासलं. अशा गाठी उगवू देणारा हा दोष जन्मापासूनचा निघाला, बहुतेक डॅडींकडून आलेला. ते पंचेचाळिशीत गेले आणि आपण नुसतं "पोटाचं दुखणं" म्हणत राहिलो. तुझ्यातही तो असण्याची शक्यता निम्मी आहे. माझी काळजी मिटली इग्गी, आता तुझी लागलीय. फार भीती वाटते.

नळी घालून आतडं बघतात. काही उगवत असेल तर कॅन्सर व्हायच्या आधीच काढून टाकतात. शनिवारची वेळ मी घेतलीय, तुला न विचारता. चिड खुशाल.

तुझ्या कार्लच्या लग्नात नवरदेवाच्या आंघोळीचं उंबराचं पाणी आणायला सगळं गाव वाजतगाजत विहिरीवर गेलं. सख्ख्या बहिणीला मात्र तू बोलावलं नाहीस. ते मला अजून गिळवत नाही. आता ऐक. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पोट साफ करायला औषधाचं दोन लिटर पाणी प्यावं लागतं. चव घाणेरडी असते. ते घेऊन मी शुक्रवारी मालाडला येतेय. बँड नसला तरी चालेल, पण या वेळचं पाणी मीच आणणार, आणि शेवटच्या घोटापर्यंत तू पिणार.

दार उघड, एवढंच.

न बोलावता येणारी तुझी बहीण,
जोॲन