बॅटरीपुढचं निरांजन

आबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही गेलात, मागून आई गेली, मी सत्तरीला टेकले. तरी खंडेनवमी जवळ आली की माझं पित्त खवळतं.

निजामाच्या राज्यात, बीडला, तुम्ही तालुकदारसाहेबांच्या दौऱ्याच्या मोटारीवर ड्रायव्हर होता. मोटार कसली, चाकांवरचं घरच ते. आत पलंग, लिहायचं मेज, दोन दिवे आणि एक पंखा. मी एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. सणावाराच्या ताटाला मला कुणी हात लावू देत नव्हतं, मोटार पुसलेली मात्र चालायची. पुसता पुसता एकदा मी विचारलं, इंजिन बंद असताना पंखा फिरतो कसा? तुम्ही केवढे खूश झालात. "इंजिन फिरलं की डायनामो कमावतो," तुम्ही म्हणालात, "कमाई बॅटरीत पडती. मुक्कामाला दिवे न् पंखा बसून खातेत. म्हणून बॅटऱ्या दोन हायेत. घराची येगळी, इंजिनाची येगळी. सायबानं रातभर पंखा लावला तरी सकाळी मोटार अडायची न्हाई." त्या वर्षात माझ्याशी इतक्या मायेनं दुसरं कुणी बोललं नव्हतं, म्हणून शब्द न् शब्द लक्षात आहे. आणि हेही लक्षात आहे की बॅटरी भरत असली की तुम्ही बिडी ओढायला पार चिंचेखाली जायचात. का, ते मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. तुमचं हत्यार म्हणजे मोटार. सकाळपासून इंजिन चालू ठेवून तुम्ही बॅटऱ्या भरल्या, पलंगाखालच्या पेटीचं झाकण उघडलंत आणि आईला हाक मारलीत. साहेबांचा शिपाई बघायला आला होता. मी मोटारीच्या दाराशी उभी. आईनं घराच्या बॅटरीला हळदकुंकू वाहिलं, निरांजन खाली नेलं, आणि धाडकन आवाज झाला. बॅटरी फुटून तेजाब आईच्या तोंडावर उडालं. मी घागरभर पाणी तिच्यावर ओतत होते, आणि तुम्ही ओरडत होता, "पांढऱ्या पायाची! कावून हुबी ऱ्हायलीस हितं?" आईचा डावा डोळा गेला. शिपायानं तुमचंच बोलणं साहेबांच्या कानावर घातलं आणि तुमची नोकरी राहिली. भावाच्या लग्नात मी कोठीघरात बसून होते. आई शेवटपर्यंत एका डोळ्यानं माझ्याकडे बघायची.

भावाच्या मुलानं अंबाजोगाईला मोटारदुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याच्याकडे राहायला आले तेव्हा एक दिवस तो गिऱ्हाइकावर खेकसला, "बॅटरी भरायली, बिडी इझवा! गॅस निघतो तिच्यातनं, भडका उडंल." मी हातातलं निवडायचं सूप खाली ठेवलं. आबा, मला ती चिंच आठवली. तुम्हाला माहीत होतं! गडबडीत विसरलात, एवढं मी समजू शकते, माणूस विसरतो. पण तुमची चूक माझ्या माथी मारलीत आणि मरेपर्यंत ती तिथंच राहू दिलीत. शिपाई गेल्यावर तरी सांगायचं होतं. निदान आईला तरी. चाळीस वर्षं मी स्वतःच्या सावलीला भ्याले, ते तुमच्या एका वाक्यानं. बॅटऱ्या दोन ठेवायची अक्कल होती तुम्हाला. खरं बोलायची नव्हती.

हे पत्र टाकायचं कुठं? लुगड्यांच्या घडीत राहील. पण लिहायला बसलेच आहे तर एक सांगून टाकते. काल खंडेनवमी झाली. पोरानं भरलेल्या बॅटऱ्या मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवल्या, पाने-पकडी पाटावर मांडल्या आणि निरांजनाचं ताट माझ्यापुढं धरलं. "आत्या, औंदा तुमीच ओवाळा," म्हणाला. डायनामो, बॅटरी, गॅस, मला सगळं कळतं आता. तरी "सुनेला बोलाव" म्हणाले, आणि दारामागं जाऊन उभी राहिले.