कच्चा मध

४ ऑगस्ट

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

पाकीट पाहून दचकू नका, मी ठणठणीत आहे. बिघडलाय तो मध. जाण्याआधी ह्यांनी शेवटचा काढला, त्या बारा बरण्या मी फडताळात ठेवल्या होत्या. तीन महिने हात लावायचा धीर झाला नाही. काल एक उघडली तर फसफसून फेस वर आला, आंबूस वास सुटला. दुसरीचं झाकण फुगलंय.

हे छाती ठोकून सांगायचे की मध नीट ठेवला तर नातवंडांनाही पुरतो. मग दोष माझाच. बरण्या मीच धुतल्या होत्या. लवकर आण, लवकर आण म्हणून त्या दिवशी ह्यांनी नुसता भंडावून सोडलं होतं. मीही वैतागून ओल्याच दिल्या असणार. वर हावरट म्हणाले त्यांना, की फुलोरा संपेपर्यंत दम धरवत नाही का. त्यानंतर बाराव्या दिवशी अंगणात कोसळले ते उठलेच नाहीत.

सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांच्या हातचं एवढंच मागे राहिलं होतं, तेही मी नासवलं. अन्न गोड लागत नाही हो. तुम्ही त्यांच्या हाताखाली पेट्या सांभाळल्यात, खरं काय ते कळवा.

आहे तोच जिव्हाळा राहू द्या.
तुमची वहिनी


११ ऑगस्ट

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

स्वतःला असा बोल लावू नका, तुम्हाला माझी शपथ. दादा सांगायचा ते खरंच आहे. माश्या पंखांनी वारा घालून मधातलं पाणी आटवतात. तो इतका घट्ट होतो की त्यात जंतू पडला तर मधच त्याच्या अंगातलं पाणी शोषून घेतो आणि तो मरतो. म्हणून मध टिकतो. पण तो हवेतलं पाणीही ओढतो. झाकण सैल राहिलं किंवा ओला चमचा गेला, की संपलंच.

यंदा हवा दमट होती, झाकणं ढिली पडली असतील. यापुढे काचेची कोरडी बरणी घ्या, घट्ट बंद करा, उन्हापासून आणि चुलीपासून लांब ठेवा. फ्रीजमध्ये मुळीच नको. रवाळ झाला तर टाकू नका, बरणी कोमट पाण्यात ठेवा, आपोआप सुटतो. पहिल्या वर्षी मी रवाळ मध सडला म्हणून ओतून दिला होता आणि दादाने गावभर माझी शोभा केली होती, आठवतं?

झालं ते झालं. जेवत जा. माया पातळ होऊ देऊ नका.
तुमचा धाकटा


२० ऑगस्ट

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

शाळामास्तर शोभाल. पण झाकणं ढिली पडली म्हणता? ह्यांनी लावलेलं झाकण उघडायला मला शेजारणीला हाक मारावी लागली!

न उघडलेल्या तीन बरण्या घेऊन मी बाजारातल्या म्हाताऱ्या मधवाल्याकडे गेले. त्याने एकेक थेंब नळीसारख्या दुर्बिणीवर ठेवून उजेडात पाहिला. शंभरात वीसच्या आत हवं ते पाणी चोवीस निघालं, तिन्हींत अगदी सारखं. तो म्हणाला की बरणी ओली असती तर एखादी बिघडली असती, सगळ्या सारख्या बिघडत नाहीत. हा मध कच्चाच काढलाय, माश्यांनी वर मेण लावून बंद करण्याआधी.

भाऊजी, न झाकलेल्या पोळ्याला ह्यांनी उभ्या आयुष्यात हात लावला नाही. तुम्ही एकदा लावलात तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता. आणि हा मध काढला त्याच आठवड्यात सगळ्या पेट्या माळ्याला देऊन टाकल्या. मला सांगितलं, कंबर साथ देत नाही. मार्चमध्ये तुमच्याकडे चष्म्यासाठी म्हणून आले होते. परतले तेव्हा डोळ्यांवर चष्मा जुनाच होता, मी वेंधळी, मी विचारलं नाही.

तुम्ही दवाखान्यात एक्स-रे काढता. ह्यांना माहीत होतं का? हो की नाही, एवढंच लिहा. गोड गोड लिहिलंत तर पत्र फाडून टाकीन.

वहिनी


२९ ऑगस्ट

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

हो.

फोटो मीच काढला. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. हृदय आधीच अधू, ऑपरेशन झेपणार नाही असं डॉक्टरांचं मत पडलं. उद्या फुटेल की दोन महिन्यांनी, कुणालाच सांगता येईना. दादाने मला आईची शपथ घातली. तुमच्या तोंडावर रोज तेच दिसेल, ते त्याला सोसणार नव्हतं.

तुम्हाला डंख बसला की हात कोपरापर्यंत सुजतो. भरलेल्या पेट्या तुमच्या गळ्यात पडू नयेत म्हणून त्याने त्या घाईने रिकाम्या केल्या. कच्चा मध टिकणार नाही, हे मी फोनवर सांगून पाहिलं. त्याचं म्हणणं, तिला टिकवायचाय कुठे, ती महिन्याभरात चाटूनपुसून संपवेल.

तुम्ही जपून ठेवाल, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. बरण्या ओल्या नव्हत्या, वहिनी. तेव्हाच सांगायला हवं होतं, जीभ रेटली नाही. जोडे मारा, पण परकं करू नका.

तुमचा धाकटा


६ सप्टेंबर

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

परकं कसं करीन, तुमच्याशिवाय आहे कोण मला आता? बरण्यांचं ओझं उतरलं. पोटभर रडले, मग कॅलेंडर काढून बसले.

मार्चच्या मध्यापासून ते गेले तोपर्यंत सात आठवडे होतात. त्यांतले एकोणीस दिवस मी ताईकडे होते. तिने कुठल्याशा हॉटेलच्या पडद्यांचं काम घेतलं होतं, हाताला हात हवा होता. परत निघते म्हणून मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा हे म्हणाले की राहा निवांत, इथे काय घाई आहे. आणि मी राहिले. खूश होऊन राहिले हो, तेवढीच घरकामातून सुटका म्हणून.

तुम्हाला शपथ होती, समजलं. त्यांना मला जपायचं होतं, तेही समजलं. पण मला सांगितलं असतंत तर मी रडले असते, भांडले असते, त्यांच्या उशाशी बसून राहिले असते. एकोणीस दिवस, भाऊजी. मी पडदे शिवत होते.

लोभ मागायचं आज सुचत नाही. सवडीने येऊन जा.
वहिनी